शिकणाऱ्या पोरांना पगार द्या : मराठी मालिका-चित्रपटांच्या निर्मात्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिका आणि चित्रपटांचे सर्व निर्माते,
वाहिन्यांचे प्रोग्रॅमिंग आणि प्रॉडक्शन प्रमुख,
तसेच सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आम्हा प्रॉडक्शनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरली. नव्या मालिकेसाठी ‘प्रॉडक्शन इंटर्न’ हवेत. जागा चार, मुदत सहा महिने. स्वतःची दुचाकी आणि लॅपटॉप असावा, बारा तासांच्या शिफ्टची तयारी असावी, रात्री-अपरात्री फोन आला तर उचलावा लागेल. मानधन नाही. जेवण सेटवर मिळेल आणि शेवटी सर्टिफिकेट. दोन दिवसांनी कळलं की त्याच मालिकेवर आधी ठरलेल्या दोन पगारी असिस्टंटना ‘बजेट टाइट आहे’ असं सांगून घरी बसवलंय. दोन पगारी माणसं काढली आणि चार फुकटची आणली, एवढा साधा हिशोब आहे हा.

त्या निर्मात्याचं नाव मी लिहिणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हुश्श करतात, आणि अशी जाहिरात काही या एकानेच काढलेली नाही.

माझा यात काय संबंध, ते सांगते. मी मिरजेहून मुंबईला आले ती प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून, आज कंट्रोलर म्हणून काम करते. सुरुवातीला मला पगार होता. फार नव्हता, पण गोरेगावात तिघींत एक खोली आणि महिन्याचा लोकलचा पास त्यात भागायचा. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ‘सहा महिने फुकट काम करायला मुंबईला जाते’ असं मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला स्टेशनापर्यंतही जाऊ दिलं नसतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं. आज माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांत अशा घरातली पोरं दिसेनाशी झाली आहेत. हा माझा पहिला स्वार्थ. दुसरा रोजच्या कामाचा आहे: मला काम येणारे असिस्टंट मिळत नाहीत, कारण त्यांना तयार करण्याचा खर्च कोणालाच करायचा नाही.

प्रेक्षकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं. दिग्दर्शक काय करतो, कॅमेरामन काय करतो हे लोकांना ढोबळमानाने ठाऊक असतं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे चहा-नाश्ता सांगणारा आणि गाड्या पाठवणारा माणूस, अशी समजूत आहे. (काही निर्मात्यांचीही आहे, म्हणून तर हे पत्र.) एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांत महाराष्ट्रातलं शूटिंग बंद झालं, तेव्हा कितीतरी मालिकांची युनिट्स गोव्याला हलली. कलाकार, तंत्रज्ञ, कॅमेरे, लाइट, कपडेपट, प्रत्येकाची टेस्ट, प्रवासाचे पास, हॉटेलच्या खोल्या, आणि मुंबईतल्या सेटवरच्या घराला शोभेल असा गोव्यातला बंगला. हे सगळं मोजक्या दिवसांत उभं राहिलं. मग मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या आणि तेच बिऱ्हाड पुन्हा उचलावं लागलं. ते ज्यांनी उचललं ती माणसं हे काम कुठल्या कॉलेजात शिकलेली नव्हती. कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करून, बोलणी खाऊन, आणि महिन्याचा पगार घेऊन शिकलेली होती.

कारण दुसरीकडे शिकायची सोयच कुठे आहे? दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, पटकथा यांच्यासाठी पुण्यात एफटीआयआय आहे. निर्मिती हा स्वतंत्र विषय घेऊन शिकायचं तर कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत जावं लागतं, नाहीतर खासगी संस्थांची लाखांतली फी भरावी लागते. आणि खरं सांगायचं तर हे काम वर्गात अर्धंच शिकता येतं. उरलेलं अर्धं सेटवरच येतं, तेही समोर खरं शेड्यूल, खरे पैसे आणि वेळेवर न आलेला खरा जनरेटर असला तरच.

एक उदाहरण देते. रात्री आठच्या सुमाराला दिग्दर्शनाच्या टीमकडून उद्याचे सीन येतात आणि त्यावरून कॉल शीट बनते, म्हणजे उद्या कोणता सीन कधी घ्यायचा आणि कोणाला किती वाजता बोलवायचं याचा कागद. माझ्याकडे लातूरची एक मुलगी होती, बी.कॉम. झालेली, युनिटवर येऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारच्या शूटिंगची कॉल शीट मी तिला करायला दिली. घोडबंदर रोडचा बंगला, अकरा सीन. तिने सीन लावले, मग थांबून विचारलं, “ताई, काकांचा उद्या दीनानाथला चारचा प्रयोग आहे ना?” काका म्हणजे मालिकेतले आजोबा, रंगभूमीवरचे मुरलेले नट. घोडबंदरहून पार्ल्याला पोचायचं, शनिवारचं ट्रॅफिक, मेकअप, प्रयोग. म्हणजे त्यांना दीडला सोडायला हवं. म्हणजे त्यांचे चारही सीन सकाळी हवेत. पण त्यातल्या दोन सीनमध्ये नातू आहे, आणि नातवाचं काम करणारा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला सात वाजता बोलावला तर बारा वाजता त्याचे पाच तास संपतात. बालकलाकाराला दिवसात पाच तासांच्या वर आणि सलग तीन तासांच्या वर काम करू देता येत नाही. २०१७ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. तिने मग नातवाचा एकट्याचा सीन सोमवारवर ढकलला, आजोबांचे सीन वर घेतले, सुनेला सकाळी सातऐवजी दहाचा कॉल दिला आणि मला म्हणाली, “सुनेची गाडीच मग आजोबांना सोडायला जाईल, वेगळी गाडी नको.”

एका गाडीचं भाडं वाचलं, नटाचा प्रयोग वेळेवर झाला आणि एका लहान मुलाच्या बाबतीत कायदा मोडला गेला नाही. ही समज विकत मिळत नाही. त्या मुलीला महिना मिळत होता शून्य रुपये, अधिक रोजचा कन्व्हेयन्स. मालाडला कॉट बेसिसवर खाट होती, तिचं भाडं घरून यायचं. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी ते यायचं थांबलं. मी कंपनीकडे तिच्यासाठी महिना बारा हजार मागितले. ‘इंटर्नना आपण देत नाही, उद्या सगळे मागतील’ असं उत्तर आलं. ती परत गेली. आता लातूरला एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते, आणि ती उत्तमच भरत असणार.

आता तक्रारी. एकेक करून मांडते, कारण एकत्र सांगितल्या की ‘इंडस्ट्री अशीच आहे’ या एका वाक्यात त्या गुंडाळल्या जातात.

पहिली आणि सगळ्यात मोठी: फुकट काम कोणाला परवडतं? ज्याचं मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात घर आहे आणि घरात दुसऱ्याचा पगार येतो, त्याला. मालिकांच्या गोष्टी आपण साताऱ्यात, कोल्हापुरात, विदर्भात नेऊन ठेवतो, गावच्या भाषेसाठी भाषातज्ज्ञ बसवतो, आणि पडद्यामागे काम शिकायला त्या गावांतल्या पोरांना दार बंद. उद्या वाईला आउटडोअर लागलं की वाडा कोणाचा, वीज कुठून घ्यायची, यात्रा कधी, ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मिळेल का, हे त्या भागातल्या पोराला उपजत कळतं. आपण त्याला आधीच घरी पाठवलेलं असतं, आणि मग लोकेशन कोऑर्डिनेटरला तिप्पट पैसे देतो.

दुसरी. फुकट माणसाला कोणी शिकवत नाही. ज्याच्यासाठी खिशातून पैसे जातात त्याच्याकडून काम करून घ्यायची आपल्याला घाई असते, त्यामुळे आपण त्याला तयार करतो. फुकटच्या पोराला झेरॉक्सला पाठवतो. सहा महिन्यांनी त्याला बजेटचा तक्ता वाचता येत नाही, कोणाच्या बिलातून किती टीडीएस कापायचा ते माहीत नसतं, महापालिकेची परवानगी आणि पोलिसांची परवानगी यांतला फरक सांगता येत नाही. फक्त सगळ्या स्पॉटदादांचे नंबर पाठ असतात. तेही उपयोगाचे आहेत म्हणा, पण त्यासाठी सहा महिने लागत नाहीत.

तिसरी जबाबदारीची. नाव इंटर्न, आणि हातात पन्नास हजारांची पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड. व्हाउचर हरवलं की भरपाई त्याच्याकडून. मी वर बालकलाकारांचा नियम सांगितला. त्याच नियमांत असंही आहे की मुलांसाठी जबाबदार व्यक्ती नेमायची आणि तिच्याकडे पाचपेक्षा जास्त मुलं द्यायची नाहीत, मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा, शूटिंगआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. कितीतरी युनिट्समध्ये ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही करायला सगळ्यात नवख्या पोरीला पुढे करतात. तिला कागद वाचायलाही वेळ दिलेला नसतो. जुलै २०२३ मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला होता, आठवत असेल. सेटवर तेव्हा दोनशेच्या वर माणसं होती. अशा वेळी कोण कुठे आहे, किती जण आत, किती बाहेर, हे ज्याला माहीत असायला हवं तो माणूस प्रॉडक्शनचा असतो. ती जागा शिकलेल्या माणसाची आहे.

चौथी: रात्रीचं पॅकअप. कलाकारांना गाडी, तंत्रज्ञांना गाडी, इंटर्न मुलीला ‘रिक्षा मिळेल ना?’ यावर जास्त लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

पाचवी: त्याला काही झालं तर? रिगवरून लाइट पडला, सेटवर जाता-येता अपघात झाला, तर हा पोरगा कागदोपत्री आहेच कोण? सिनेकामगारांचा १९८१ चा कायदा चित्रपटांपुरता होता, मालिका त्यात नव्हत्या. आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत दृक्-श्राव्य माध्यमातल्या कामगारांशी लेखी करार करायला सांगितलंय. चांगली गोष्ट आहे. पण सर्टिफिकेटवर ठेवलेला इंटर्न धड कामगारही नाही आणि कायद्याने नोंदलेला शिकाऊ उमेदवारही नाही. आपल्या दृष्टीने तो सेटवर नसतोच. फक्त जेवणाच्या ताटांच्या संख्येत असतो.

माझी मुख्य मागणी एवढीच आहे की शिकणाऱ्याला बारा महिन्यांचा पगारी करार द्या; बाकी तपशील शेवटी देते. यावर तुमची उत्तरं काय असतात तेही मला पाठ आहे, त्यामुळे ती इथेच घेते.

‘बजेट नाही.’ आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग होतात. एका शिकाऊ उमेदवाराला महिना १५ हजार दिले तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. म्हणजे एका भागामागे ५७७ रुपये. दोन उमेदवार घेतले तर एका भागामागे साडेअकराशेच्या आसपास. मालिकेच्या एका भागाचं बजेट काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एखाद्या दिवशी शिफ्ट तासभर वाढली की त्याच्या कैक पट जातात, आणि शिफ्ट वाढते ती बहुतेकदा प्रॉडक्शनमध्ये कच्ची माणसं असल्यामुळे. वाहिन्यांनाही हे सांगायचंय: निर्मात्याला पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, तो खाली नव्वद दिवसांनी देतो, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पोचेपर्यंत काही उरत नाही. बजेटमध्ये ‘प्रशिक्षण’ नावाची एक ओळ तुम्ही मंजूर केलीत तर निर्मात्याला ती दुसरीकडे वळवता येणार नाही.

‘आम्हीही असंच शिकलो.’ नाही शिकलात. मराठी सिनेमाची परंपरा फुकटात शिकवायची नव्हती. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यात आली, तिथे माणसं महिन्याच्या पगारावर असायची. १९४४ मध्ये विशीतही न पोचलेला एक मुलगा ‘प्रभात’मध्ये तीन वर्षांच्या करारावर दाखल झाला. तो नृत्यं बसवायचा, दिग्दर्शकांना साहाय्य करायचा, बारीकसारीक भूमिका करायचा. पुढे तो गुरुदत्त म्हणून ओळखला गेला. तीन वर्षांचा करार होता म्हणून त्याला इकडेतिकडे हात घालून शिकता आलं. त्याच ‘प्रभात’च्या जागेत आज एफटीआयआय उभी आहे.

‘मालिका सहा महिन्यांत बंद पडली तर वर्षाचा करार कसा करायचा?’ हा मात्र खरा प्रश्न आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. टीआरपी आला नाही की वाहिनी पंधरा दिवसांत मालिका गुंडाळते, तिथे निर्मात्याचाही नाइलाज असतो. ब्रिटनमध्ये हाच पेच होता. तिथे तेव्हा उमेदवारी किमान वर्षभराची ठरलेली होती आणि शूटिंग काही महिन्यांत संपणारं. मग स्क्रीनस्किल्स या संस्थेने नेटफ्लिक्स आणि वॉर्नरमीडियाला बरोबर घेऊन असा प्रयोग केला की उमेदवार एका प्रॉडक्शनवरून दुसऱ्यावर जाईल, पण त्याची उमेदवारी आणि त्याचा पगार तुटणार नाही. तिथल्या मोठ्या बजेटच्या मालिकांचे निर्माते देशातल्या खर्चाचा साधारण अर्धा टक्का प्रशिक्षण निधीत घालतात, त्यातून नवी माणसं तयार होतात. ब्रिटनचं सगळं आपल्याला लागू नाही. पण उमेदवार एकाचा न राहता पाच निर्मात्यांचा मिळून असावा, एवढी गोष्ट तर घेता येईल? आपल्या शिकाऊ उमेदवारीच्या व्यवस्थेतही अनेक छोट्या आस्थापनांसाठी उमेदवार गोळा करून त्यांचे करार, नोंदणी सांभाळणारी मध्यस्थ संस्था ठेवायची सोय आहे. मराठी चित्रपट महामंडळ किंवा निर्मात्यांची संघटना ते काम करू शकते.

‘पोरं शिकतात आणि दुसरीकडे पळतात.’ पळू देत की. तुमच्याकडे येणारी पोरंही दुसऱ्या कोणीतरी शिकवलेलीच असतात.

कायदा काय म्हणतो तेही एकदा बघा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे, तो फक्त कारखान्यातल्या फिटर-टर्नरसाठी आहे असं आपण सगळे समजून बसलोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि ही संख्या मोजताना कंत्राटी माणसंही धरायची असतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक आहे. आपल्याकडे रोज सेटवर शंभर-दीडशे माणसं असतात आणि कंपनीच्या मस्टरवर डझनभर. हा कागदी खेळ किती दिवस चालवायचा ते तुम्ही ठरवा. याच नियमांनी पदवीधराला महिना किमान नऊ हजारांचं विद्यावेतन ठरवलं, आणि २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात छत्तीस टक्के वाढ सुचवली. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार उचलतं. आपल्या क्षेत्रातल्या किती निर्मात्यांनी या उमेदवारीचं सरकारी पोर्टल उघडून पाहिलंय?

सांस्कृतिक कार्य विभागाला थोडं वेगळं सांगायचंय. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार, सुरुवातीला सहा महिने. लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणून ओळखतात. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्या योजनेने सोडवला नाही, आणि त्यावरून मुलांनी केलेली आंदोलनं आपण पाहिली. म्हणून तीच योजना उचलून चित्रनगरीत आणू नका. प्रॉडक्शनचं काम सहा महिन्यांत येत नाही. पावसाळ्यातलं शेड्यूल, मार्चमधला हिशोब, गणपती-दिवाळीची एपिसोड बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग), एखादं आउटडोअर, एखादी नवी मालिका सुरू होताना आणि एखादी बंद होताना, हे सगळं एकदा तरी अंगावरून जायला एक वर्ष लागतं. मात्र तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी निर्मात्यांच्या हातात नाही. दर्जेदार मराठी चित्रपटांना शासन अ वर्गासाठी ४० लाख आणि ब वर्गासाठी ३० लाखांपर्यंत अनुदान देतं. हा जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्या चित्रपटावर किती जणांनी फुकट काम केलं, हे विचारायचा अधिकार शासनाला आहे, आणि आजवर तो वापरल्याचं मला दिसलेलं नाही.

तर मागण्या.

एक. यापुढे प्रॉडक्शन विभागात एकही माणूस बिनपगारी नसावा. शिकणारा असेल तर त्याचा नोंदणीकृत करार हवा, बारा महिन्यांचा. मुंबई, ठाणे, पालघर परिसरात विद्यावेतन महिना किमान १५ हजार आणि बाहेरगावच्या मुलांना राहण्याचा वेगळा भत्ता. पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत बँकेत. नव्वद दिवसांची भाषा त्यांच्यापुरती तरी नको.

दोन. प्रत्येक दैनंदिन मालिकेवर निदान एक आणि अनुदान मागणाऱ्या प्रत्येक चित्रपटावर निदान एक शिकाऊ उमेदवार. वाहिनीने बजेट मंजूर करतानाच त्याचा खर्च वेगळा धरावा.

तीन. उमेदवाराच्या नावापुढे त्याला शिकवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं, आणि शिकवणाऱ्यालाही त्याचा मोबदला मिळावा. आम्ही बारा तास सेट सांभाळून वर शिकवायचं, हे धर्मादाय किती वर्षं चालणार? काय शिकवायचं ते आधी ठरवा: कॉल शीट, शेड्यूल, बजेट, पेटी कॅश आणि व्हाउचर, परवानग्या, बालकलाकार आणि प्राणी यांचे नियम, सेटवरची सुरक्षा, पैसे आणि करारांचे कागद. दर तीन महिन्यांनी काम बदला.

चार. मालिका बंद पडली तर उमेदवार दुसऱ्या निर्मात्याकडे जाईल, यासाठी निर्मात्यांच्या संघटनेने आणि महामंडळाने मिळून सामायिक यादी ठेवावी. मधल्या काळाचं विद्यावेतन सामायिक निधीतून.

पाच. शिफ्ट बारा तासांपुढे नाही. रात्री दहानंतर पॅकअप झालं तर घरापर्यंत गाडी. अपघात विमा पहिल्या दिवसापासून. पेटी कॅशची आणि बालकलाकारांची अंतिम सही उमेदवाराची नको.

सहा. निम्म्या जागा मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलामुलींना. निवड कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी अशा ठिकाणी जाऊन करा. अंधेरीतल्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलंत तर पुन्हा तीच पोरं येतील.

सात. वर्ष पुरं केलेल्याला श्रेयनामावलीत नाव आणि कामगार संघटनेचं कार्ड मिळायला आडकाठी नको. या संघटनांच्या आमच्या फेडरेशनलाही हे सांगणं आहे. कार्डाची फी ऐकून मागे फिरलेली पोरं मी पाहिली आहेत.

आठ. अनुदानाच्या अर्जासोबत प्रॉडक्शनमधल्या सगळ्यांच्या मानधनाचा तक्ता जोडायला लावा. खोटा निघाला तर अनुदान परत. ही मागणी शासनाला आहे आणि यासाठी नवा कायदा लागत नाही. शासन निर्णयात एक ओळ वाढवावी लागेल.

यातल्या सगळ्या मागण्या एका दिवसात मान्य होणार नाहीत हे मला कळतं. सातवीवर संघटनांशी बोलावं लागेल, चौथीला निधी उभा करावा लागेल. पण पहिलीसाठी कोणाचीही वाट बघायची गरज नाही. ती तुम्ही येत्या महिन्याच्या पगारापासून करू शकता. आणि ज्या जाहिरातीवरून हे पत्र लिहायला घेतलं ती मागे घेऊन, चार बिनपगारी जागांऐवजी दोन पगारी असिस्टंट आणि एक शिकाऊ उमेदवार अशी नवी जाहिरात काढणं तर एका फोनचं काम आहे. ज्यांनी काढली ते हे वाचत असतील तर त्यांनी मला फोन केला तरी चालेल. नंबर आहे त्यांच्याकडे, अजूनही रात्री अकराला कॉल येतात.

बारा महिन्यांत काय काय शिकवायचं याचा दोन पानी तक्ता आम्ही काही कंट्रोलर आणि मॅनेजर मंडळींनी मिळून केलाय. त्यात दुरुस्त्या सुचवा, हवं तर फाडून नवा करा. निर्मात्यांच्या आणि वाहिन्यांच्या प्रतिनिधींनी एखादा सुट्टीचा रविवार ठरवावा, चित्रनगरीत किंवा तुम्ही म्हणाल तिथे आम्ही येतो. बैठकीला सध्या बिनपगारी काम करणाऱ्या दोन-तीन पोरांनाही बोलवा, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च द्या. या पत्राचं उत्तर मला एकटीला खासगीत नको, सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर द्या.

आपली,
मराठी मालिकांच्या निर्मितीत काम करणारी एक प्रॉडक्शन कंट्रोलर